वाचकांचे प्रश्न : पाणी वाढत असताना ध्यानाला बसावं का?

प्रश्न : पंचगंगेचं पाणी वाढू लागलं की गल्लीतल्या आम्ही पंधराएकजणी संध्याकाळी तालमीच्या हॉलमध्ये ध्यानाला बसतो. पण डोळे मिटले की २०१९चा महापूर समोर उभा राहतो. परवा एकीला रडू आवरेना. शिवाय मोबाइल सारखे वाजतात. बसणं बंद करावं का?
– एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : बंद करू नका, पद्धत बदला.

आधी मोबाइल. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. त्यात राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की सगळ्यांचं लक्ष तिकडंच. बातमी चुकेल ही धास्ती असताना मन बसत नाही, ते साहजिकच आहे. म्हणून फोन एकीचाच चालू ठेवा. ती दाराशी डोळे उघडे ठेवून बसेल. ही पाळी रोज बदला. सुरुवातीला तिनं पातळी एकदा वाचून दाखवायची, त्यावर चर्चा नाही. घर सोडायची सूचना आली तर ध्यान तिथंच थांबवून सगळ्यांनी उठायचं.

वेळ वीस मिनिटं पुरे. भीतीच्या दिवसांत तासभराची शांतता उलट अंगावर येते. फरशी ओल धरते, म्हणून सतरंजीखाली प्लास्टिक अंथरा. बैठकीखाली चार बोटं जाडीची घडी घ्या, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली राहतात आणि पाठ दुखत नाही. गुडघेदुखी असेल तर सरळ खुर्ची घ्या, त्यात कमीपणा नाही.

डोळे पूर्ण मिटू नका, हेच सगळ्यात महत्त्वाचं. नजर समोर दोन हात अंतरावर जमिनीकडं ठेवा. मिटल्या डोळ्यांपुढं जुनी दृश्यं सहज येतात. नजर टेकलेली असली की आपण आत्ता इथं आहोत याचं भान राहतं. नाकानं चार अंक मोजत श्वास आत, सहा अंकांत बाहेर. मध्ये रोखायचा नाही. लांब उच्छ्वासानं हृदयाची गती मंदावते. मोजणारी एकच असावी, तीही हळू आवाजात. काहीजणी जोर लावून भराभर श्वास घेतात, मग चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी झाल्यानं तसं होतं. मोजणं सोडून साधा श्वास घेतला की ते थांबतं.

रडू आलं तर येऊ द्या. ‘चांगला विचार कर’ असं सांगू नका. तिनं डोळे उघडावेत, तळपाय जमिनीला टेकवून खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मनात घ्यावीत. शेजारणीनं नुसतं जवळ बसावं, हात धरायचा तर विचारून. तिला बाहेर जावंसं वाटलं तर जाऊ द्या, मात्र एकटी नको.

पाणी उतरल्यावर गाळ काढायच्या धांदलीत असे गट मोडतात, आणि झोप उडते ती बऱ्याचदा तेव्हाच. आठवड्यातून दोनदा तरी बसत राहा. दोन आठवडे झोप नसेल, पुराची स्वप्नं पडत असतील, तर नुसत्या ध्यानावर भागवू नका. डॉक्टरांना दाखवा किंवा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर फोन करा. जगणं नकोसं झाल्यासारखं कुणी बोललं, तर त्याच दिवशी.