सेकंडहँड शिकारी रायफल कस्टमाइझ करायची आहे आणि काडतुसंही घरी भरायची आहेत, सुरुवात कुठून करू?

तुमची यादी वाचून हसू आलं, कारण जवळजवळ हीच यादी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. सेकंडहँड .३०-०६ (थर्टी-ऑट-सिक्स, म्हणजे काडतुसाचा प्रकार) बोल्ट-अ‍ॅक्शन, लाकडी दस्ता, १०० यार्डांवर अडीच-तीन इंचांचा ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पसारा), आणि आता नवी नळी, सिंथेटिक दस्ता, ट्रिगर, नळीच्या टोकाला लावायचा मझल ब्रेक, वर रिलोडिंगचं सगळं सामान, हे एकदम घ्यायचंय. नका घेऊ. निदान एकदम तरी नका घेऊ. मी घेतलं होतं, एका महिन्यात चार गोष्टी बदलल्या, ग्रुप तीन इंचांवरून पावणेदोनवर आला आणि चारपैकी नक्की कशामुळे आला ते मला आजतागायत कळलेलं नाही. ब्रेक तर मी नंतर काढूनच टाकला, धक्का कमी होतो हे खरं पण आवाज असा की शेजारी उभा असलेला माणूस शिव्या घालतो.

लायसन्स-परमिट सगळं झालंय म्हणताय, फक्त घरी काडतुसं भरायला वेगळी परवानगी लागते का तेवढं बघून घ्या, हे ठिकाणागणिक बदलतं.

आता एक गोष्ट आधी डोक्यात फिट करा. शिकारीच्या रायफलचं काम म्हणजे थंड नळीतून सुटलेली पहिली गोळी. रेंजवर बसून पाच राउंड मारून नळी गरम झाल्यावर चौथी-पाचवी कुठे जाते याच्याशी हरणाला काही देणंघेणं नसतं. हे कळायला मला बरीच वर्षं लागली. मग मी एक साधा उद्योग सुरू केला, रेंजवर गेलो की पहिला राउंड एका वेगळ्या कागदावर मारायचा, तो कागद घडी करून परत आणायचा आणि पुढच्या वेळी तोच लावायचा. वीस खेपांनंतर त्या एकाच कागदावर वीस भोकं होती, सगळी थंड नळीची, काही हिवाळ्यातली, काही उन्हाळ्यातली. माझ्या रायफलचा खरा ग्रुप तो. सव्वादोन इंचांचा निघाला, आणि मी मात्र लोकांना पाऊण इंच सांगत फिरत होतो! या कागदामुळेच हेही कळलं की नळी चकाचक साफ करून तेल लावून ठेवली की पहिली गोळी दीड इंच वर जाते. तेव्हापासून सीझनच्या आधी साफसफाई झाली की दोन राउंड मारून नळी तशीच ठेवतो.

कस्टमाइझ करताना आधी फुकटातलं काम करा. स्कोपचे बेस आणि रिंगचे स्क्रू तपासा, जुन्या रायफलींमध्ये निम्मी दुखणी इथेच असतात. मग एक कागदाची पट्टी घेऊन नळी आणि दस्त्याचा पुढचा भाग यांच्यामधून मागे सरकवा. माझ्यात ती चार बोटं जाऊन अडकली. म्हणजे लाकूड एका बाजूने नळीला टेकलेलं. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, त्यामुळे त्याचा नळीवरचा दाब बदलतो आणि नेम सरकतो, आपण मात्र स्कोपला दोष देत बसतो. काही रायफलींमध्ये कंपनीने मुद्दाम टोकाशी एक टेकू ठेवलेला असतो, तो वेगळा, तो ओळखा आणि सरसकट घासू नका. माझ्यात तसं काही नव्हतं, गोल दांड्याला सँडपेपर गुंडाळून दोन संध्याकाळी घासलं आणि उघड्या पडलेल्या लाकडाला आतून नीट सीलर मारला. हे सीलरचं लोक हमखास विसरतात. नळी मोकळी केली आणि लाकूड उघडं ठेवलं तर पुढच्या ओल्या महिन्यात ते पुन्हा येऊन चिकटतं.

त्यानंतर बेडिंग. दस्त्यात अ‍ॅक्शन (बोल्ट ज्यात सरकतो तो धातूचा मुख्य भाग) बसते तिथे पोकळी राहते, ती इपॉक्सीने भरायची म्हणजे अ‍ॅक्शन दर वेळी त्याच जागी बसते. गरज आहे का ते बघायची सोपी युक्ती, दस्त्याचं टोक आणि नळी यांच्या फटीवर बोट ठेवा आणि दुसऱ्या हाताने पुढचा अ‍ॅक्शन स्क्रू ढिला-घट्ट करा. बोटाला हालचाल जाणवली तर अ‍ॅक्शन वाकवून बसवली जातेय. मी पहिल्यांदा बेडिंग केलं तेव्हा सगळीकडे रिलीज एजंट (इपॉक्सी चिकटू न देणारा लेप) लावला, फक्त मागच्या स्क्रूच्या भोकात लावायचा राहिला. दुसऱ्या दिवशी रायफल आणि दस्ता एकजीव. ओढलं, ठोकलं, देवाचं नाव घेतलं, शेवटी दस्त्यासकट रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवली (घरच्यांनी काय म्हटलं ते लिहीत नाही), सकाळी रबरी हातोडीच्या दोन टोल्यांत 'टक' करून सुटली. थंडीने धातू आणि इपॉक्सी कमी-जास्त आकसतात, म्हणून सुटतं. ग्रुपमध्ये सगळ्यात मोठा फरक मला नंतर या दोन कामांनी दिला, आणि ही दोन्ही कामं फोटोत दिसतसुद्धा नाहीत.

ट्रिगर ओढायला माझ्यात सहा पाउंडांचा जोर लागत होता, तो तीनवर आणला. शिकारीसाठी त्याच्या फार खाली जाऊ नका, हातमोजे घातलेल्या गारठलेल्या बोटाला दीड पाउंड म्हणजे अपघातच. अ‍ॅडजस्ट केल्यावर रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून बोल्ट जोरात आपटून बघा, सेफ्टी लावून-काढून बघा, घोडा आपोआप पडला तर सरळ गनस्मिथकडे जा. दस्त्याची लांबी आणि रिकॉइल पॅड यावर थोडा वेळ द्या, बाकी सिंथेटिक दस्ता घ्यायचा की नाही हा हौसेचा भाग.

आता काडतुसं. घरी भरून पैसे वाचतात असं जो सांगेल त्याला हसा, तेवढ्याच पैशांत जास्त राउंड मारले जातात, इतकंच. भरायचं ते एवढ्यासाठी की तुमच्याच नळीला आवडणारं काडतूस दर वर्षी तेच मिळावं.

गोळीची निवड आधी, ग्रुप नंतर. ही चूक सगळे करतात, मीही केली, टार्गेटवर सुंदर जाणारी पातळ कवचाची मॅच (नेमबाजी स्पर्धेची) गोळी घेऊन शिकारीला जायचं. गोळी जनावरात गेल्यावर काय करते हा प्रश्न पहिला. जॉन नॉस्लरने १९४६ मध्ये चिखलाने माखलेल्या मूसवर (प्रचंड मोठ्या हरणावर) गोळ्या घातल्या, त्या आत खोल न जाता वरच फुटल्या, तेव्हा त्याने मध्ये तांब्याची आडभिंत असलेली पार्टिशन गोळी बनवली, पुढचा भाग फुलतो आणि मागचा अखंड पुढे जातो. आता पूर्ण तांब्याच्या गोळ्याही मिळतात. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि लांब गोळीला नळीतल्या खाचांचा जास्त पीळ लागतो. थर्टी-ऑट-सिक्सची नळी बहुधा १० इंचांत एक फेरा अशी असते, त्यात १६५-१६८ ग्रेन (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) वजनाची गोळी निवांत चालते. मी १६५ वर थांबलो.

दारूचा (बंदुकीच्या, गैरसमज नको) आकडा मी मुद्दाम देत नाहीये. माझ्या नळीत जे चालतं ते तुमच्या नळीत जास्त प्रेशरचं असू शकतं. रिलोडिंगचं चालू आवृत्तीचं मॅन्युअल घ्या, कमाल आकड्याच्या दहा टक्के खालून सुरू करा आणि अर्ध्या-अर्ध्या ग्रेनने वर चढा. ७००० ग्रेन म्हणजे एक पाउंड, यावरून अर्धा ग्रेन किती बारीक असतो ते बघा. गोळी, प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) किंवा पुंगळीची (काडतुसाच्या रिकाम्या नळकांड्याची) कंपनी बदलली की पुन्हा खालून. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा, काम झालं की उरलेली त्याच डब्यात परत. दोन डबे समोर ठेवून लोकांनी रायफली फोडल्यात. आणि भरलेल्या डबीवर लगेच लिहा, 'उद्या लिहितो' म्हटलेल्या डब्या मला शेवटी पुलरने (गोळी उपटायच्या अवजाराने) एकेक उघडाव्या लागल्यात.

बोल्ट उचलताना जड लागला, पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळीचा) चकचकीत गोल उमटला, प्रायमर सपाट होऊन कडेपर्यंत पसरला, की थांबायचं आणि खाली यायचं. पण जास्त प्रेशरची ही लक्षणं उशिरा दिसतात, न दिसणं म्हणजे सुरक्षित असं नाही. मी एकदा हिवाळ्यात मॅन्युअलच्या कमाल आकड्यापर्यंत लोड चढवला, सगळं गोड. तीच डबी उन्हाळ्यात उन्हात तापलेल्या गाडीतून काढली आणि तिसऱ्या राउंडला बोल्ट तळहाताने ठोकून उघडावा लागला. काही दारू तापमानाला फार हळव्या असतात. आता मी कमालच्या दीड ग्रेन खालीच थांबतो. ५० फूट प्रति सेकंद वेग गेला तर जाऊदे, ३०० यार्डांवर त्याने एखाद इंचाचा फरक पडतो आणि हरणाच्या छातीतला मर्माचा भाग साधारण आठ इंचांचा असतो.

अजून एक, शिकारीसाठी पुंगळी फुल-लेन्थ साइझ करा, म्हणजे डाय नावाच्या साच्यातून पूर्ण लांबीत दाबून मापात आणा. मी अचूकतेच्या नादात चार-पाच फायरिंग नुसती मानच (गोळी धरणारं तोंड) साइझ करत होतो. तिसऱ्या सीझनला समोर १२० यार्डांवर हरीण आडवं उभं, आदल्या राउंडला नेम चुकलेला, दुसरा राउंड घालायला बोल्ट पुढे ढकलला तर अर्ध्यात अडकला. ढकलतोय, दाबतोय, कपाळाला घाम, आणि हरीण मान वळवून शांतपणे माझ्याकडे बघून निघून गेलं. पुंगळी दर फायरिंगला फुगत जाऊन चेंबरला (नळीत काडतूस बसतं त्या जागेला) घट्ट झालेली. आता पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) फक्त दोन हजारांश इंच मागे बसेल असा डाय लावतो, लांबी २.४९४ इंचांच्या वर गेली की ट्रिम करतो, आणि सीझनला न्यायचा प्रत्येक राउंड आधी रेंजवर, नळी टार्गेटकडे ठेवून, मॅगझीनमधून चेंबरमध्ये घालून-काढून बघतो. गोळी रायफलिंगच्या (नळीतल्या पीळदार खाचांच्या) अगदी जवळ बसवायचा मोहही आवरा, तसा राउंड बहुधा मॅगझीनमध्ये मावत नाही.

ग्रुपबद्दल शेवटचं. तीन राउंडांवर विश्वास ठेवू नका. माझ्या पाकिटात अर्ध्या इंचाच्या एका ग्रुपचा कागद दोन वर्षं होता, त्याच लोडचा पुढच्या आठवड्याचा ग्रुप १.६ इंच होता, तो मी अर्थातच पाकिटात ठेवला नाही. दहा राउंड मारा, मध्ये नळी थंड होऊ द्या.

राहिली तुमची नवी नळी. थर्टी-ऑट-सिक्सची नळी हजारो राउंड टिकते, शिकारीसाठी वापरणाऱ्याची क्वचितच झिजते, त्यामुळे तुमची गेली असेल असं वाटत नाही. बहुतेक नळीत गोळ्यांच्या कवचाचं तांबं साचलंय. माझ्याच्या आधीच्या मालकाने ते कधी काढलंच नसावं, अमोनियावालं सॉल्व्हंट घालून तीन संध्याकाळी पॅच फिरवत होतो आणि दर वेळी निळाशार बाहेर येत होता. तुम्हीही आधी तेच करा, खिडकी उघडी ठेवून. पॅच निळा यायचा थांबला की दस्ता मोकळा करा, मग दहाचा ग्रुप मारा आणि इथे आकडा टाका. नळीचं त्यानंतर बघू.