मार्चअखेरचा पैसा आणि माळढोकाचं एक अंडं

वन्यजीवांसाठी सरकारी पैसा कुठून येतो, कुठे जातो, आणि तरी प्राणी कमी का होतात, अशा अर्थाची बरीच पत्रं जमली होती. त्यातली सहा घेतो. आधीच सांगतो, मी जंगलात हिंडणारा माणूस नाही. माझी नोकरी गेली वन्यजीव विभागांच्या हिशेबाच्या टेबलावर. इतरांनी पगमार्क मोजले, मी व्हाउचरं मोजली. उत्तरांना त्या टेबलाचा वास येणारच.

प्रश्न : मी बार्शीची निवृत्त शिक्षिका. नोकरीत नवी होते तेव्हा मुलांची सहल नान्नजला नेली होती, आणि माळढोक दिसला होता. आता नातवाला न्यायचं म्हटलं तर लोक म्हणतात, काळवीट दिसतील, माळढोकाचं सांगता येत नाही. एवढ्या वर्षांत पैसा आला असेलच ना? मग पक्षी कुठे गेला?

बाई, पैसा आला. पण तो कोणत्या महिन्यात आला आणि कशावर खर्चायला आला, ते पाहिलं पाहिजे.

नान्नजचं माळढोक अभयारण्य झालं १९७९ साली. कागदावर क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या सोलापूर जिल्ह्याच्या निम्म्याहून जास्त. त्यात गावं, बाजारपेठा, ऊस, रस्ते, सगळं आलं. पक्ष्याला लागणारा गवताळ माळ मात्र त्यात तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेला. पुढे फेररचना होऊन अभयारण्य सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं, पण तोवर मधल्या दशकांत माळ नांगरला गेला होता. उजनीचं पाणी आलं, ऊस आला, विजेच्या तारा आल्या. यातलं प्रत्येक काम सरकारी पैशानंच झालं, आणि त्यात शेतकऱ्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण हिशेब असा होता की एका हेडखाली, म्हणजे खर्चाच्या लेखाशीर्षाखाली, माळ राखायचा आणि दुसऱ्या चार हेडांखाली तोच माळ फोडायचा. त्या चार हेडांतली रक्कम किती मोठी असते, हे वेगळं सांगायला नको.

त्यात आमच्या खात्याला झाडं लावायची हौस. माळढोकाला झाड नको असतं. त्याला लांबवर नजर जाईल असा उघडा, खुरटा माळ लागतो. पण गवत राखलं तर फोटोत काहीच दिसत नाही, आणि रोपं लावली की आकडा दिसतो. 'पडीक' म्हणून नोंदलेल्या कितीतरी गायरानांत आणि माळांवर ग्लिरिसिडिया नि सुबाभूळ उभे राहिले. तो खर्चही हिरव्याच खात्यात पडला.

आता महिन्याचं सांगतो. माळढोकाची मादी साधारण वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. दख्खनमध्ये हा काळ मुख्यतः पावसाळ्याचा. म्हणजे राखणदार हवा जून ते ऑक्टोबर. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारे मोकळे पट्टे, काढायच्या त्या गवत वाळायला लागलं की, उन्हाळ्याच्या आत. आणि निधी? वार्षिक कार्ययोजना एप्रिलच्या आसपास वर जाते, मंजुरी येते, मग पहिला हप्ता, मग राज्याचा हिस्सा. माझ्या अनुभवात खरा पैसा हातात पडायचा तो डिसेंबरनंतर, आणि संपवायचा ३१ मार्चच्या आत. मार्चमध्ये तुम्ही काय करणार? जे मार्चमध्ये होतं तेच : सिमेंटचा पाणवठा, कमान, रंगवलेला फलक. पावसाळ्यातलं अंडं मार्चच्या बिलात बसत नाही.

एका विभागातली गोष्ट. तीन हंगामी राखणदारांची सात महिन्यांची मजुरी थकलेली. हजेरीपट माझ्यासमोर, अंगठे उमटलेले, पण 'पक्षी-राखण' असं कामच मंजूर यादीत नाही म्हणून फाईल दोनदा शेरा मारून परत आली. शेवटी ती मजुरी 'पाणवठा दुरुस्ती'त दाखवली. दुरुस्त केलेला पाणवठा कुणी बघायला आलं नाही, हे आमचं नशीब. त्या तिघांपैकी एक पुढच्या हंगामाला आला नाही, ऊसतोडीला गेला. तो माळ त्याला जितका पाठ होता तितका आमच्या कुठल्या नकाशालाही नव्हता.

पक्षी आता मुख्यतः राजस्थानात जैसलमेरकडे उरला आहे. २०१८च्या सुमारास देशात दीडशेच्या आसपास असतील असा अंदाज होता. तिथला प्रयत्न वेगळ्या पैशातून झाला : २०१६मध्ये 'कॅम्पा'तून (जंगलजमीन वळवल्याच्या भरपाईचा निधी) सात वर्षांसाठी ३३.८५ कोटी रुपये, जैसलमेरजवळच्या सम गावी २०१९पासून प्रजनन केंद्र, नंतर रामदेवरा. रानातली अंडी आणून उबवली, पिल्लं वाढवली, आणि ऑक्टोबर २०२४मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू झालं. सात वर्षांचा पैसा एकदम मंजूर असल्यानंच हे जमलं, असं माझं ठाम मत आहे. दर मार्चला खातं शून्यावर येणार असतं, तर अंडं उबवणाऱ्या यंत्राच्या डिझेलचंही बिल अडकलं असतं.

पण पिल्लू सोडायचं कुठे? माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, त्याची नजर बाजूंना. जड अंगाचा पक्षी, तार दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. थर वाळवंटातल्या ४,२०० चौरस किलोमीटर भागात विजेच्या तारांमुळे वर्षाला सुमारे ८४ हजार पक्षी (सगळ्या जातींचे मिळून) मरत असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज होता. सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०२१मध्ये तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं आणि मार्च २०२४मध्ये तो आदेश सौम्य करून समिती नेमली. सौर ऊर्जाही हवी, पक्षीही हवा, मग तारेचा खर्च कुणाच्या खात्यात, यावर तो वाद येऊन ठेपतो. वन्यजीवांच्या तुटपुंज्या हेडमधून तर तो निघणार नाही.

प्रश्न : सगळा पैसा वाघालाच का? बाकीचे प्राणी काय पाप करून आलेत? (पुणे)

वाघाला पैसा मिळतो कारण वाघाकडे यंत्रणा आहे. व्याघ्र प्रकल्प १ एप्रिल १९७३ रोजी सुरू झाला, पहिल्या नऊ क्षेत्रांत आपलं मेळघाट होतं. आज महाराष्ट्रात असे सहा प्रकल्प आहेत. त्यांना कायद्यानं नेमलेलं राष्ट्रीय प्राधिकरण आहे, आणि प्रत्येक प्रकल्पाची प्रतिष्ठान म्हणून संस्था आहे, जिच्या खात्यात सफारीच्या फाटकावरचा पैसा राहतो, सरकारी तिजोरीत विरघळत नाही. हा शेवटचा मुद्दा सर्वांत मोठा. ताडोबात जूनमध्ये जीपचा टायर फुटला तर जूनमध्येच बदलता येतो.

'वन्यजीव अधिवास एकात्मिक विकास' या केंद्राच्या छत्री-योजनेला ऑगस्ट २०२४मध्ये पंधराव्या वित्त आयोगाच्या काळासाठी २,६०२.९८ कोटींची मान्यता मिळाली. त्यात वाघ, हत्ती, आणि बाकी सगळी अभयारण्यं नि संकटग्रस्त प्रजाती आल्या. महाराष्ट्रासारख्या राज्यात अशा योजनेत साधारण ६० टक्के केंद्राचे, ४० राज्याचे. त्याच सुमारास एकट्या गीरच्या सिंहासाठी दहा वर्षांचा २,९२७.७१ कोटींचा आराखडा झाला. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा, पण आराखड्यातला आकडा म्हणजे बँकेत पडलेला पैसा नव्हे, हेही ध्यानात असू द्या.

वाघाच्या छत्रीखाली इतरांचं भलं होतं, हे खोटं नाही. रानपिंगळा हे छोटं घुबड घ्या. १८८४नंतर कुणाला दिसला नव्हता, संपला असंच धरलं होतं, आणि १९९७मध्ये शहाद्याजवळ सापडला. मेळघाटातल्या रानपिंगळ्याला वाघाचा पहारेकरी आयताच मिळतो. तोरणमाळच्या रानपिंगळ्याला नाही. पक्षी तोच, जात तीच, फरक एवढाच की शेजारी वाघ राहत नाही.

प्रश्न : आमची करमाळा तालुक्यातली जमीन वर्षानुवर्षं अभयारण्यात दाखवलेली. खरेदी-विक्रीला अडचण, कर्जाला अडचण. पक्ष्यासाठी पैसा, माणसाला कटकट. असं असल्यावर पक्षी कुणाला आवडेल?

कुणालाच नाही. तुमचा राग रास्त आहे, आणि माळढोकाचं सर्वांत जास्त नुकसान त्या रागानंच झालं असेल. सातबाऱ्यावर बंधन आलं, पण बंधनाबरोबर एक रुपयाही बांधावर आला नाही.

उलट उदाहरण कोकणात आहे. मच्छीमाराच्या जाळ्यात समुद्री कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क अडकला की त्याला सोडायचं तर जाळं कापावं लागतं. जाळं म्हणजे हजारोंचा माल. २०१८च्या अखेरीस राज्याच्या कांदळवन कक्षानं मत्स्य विभागासोबत योजना आणली : प्राणी जिवंत सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ द्या, कापलेल्या जाळ्यासाठी २५ हजारांपर्यंत भरपाई घ्या. नाखवा मोबाइल काढतो, खलाशी सुरी चालवतो, कासव पाण्यात. पुरावा सोपा, रक्कम नेमकी, आणि ज्यानं सोसलं त्याच्याच हातात. मोठमोठ्या प्रकल्प अहवालांपेक्षा मला ही छोटी योजना जास्त शहाणी वाटते.

माळावर हेच करता आलं असतं. ज्याच्या रानात घरटं, त्यानं तेवढा तुकडा तीन महिने न नांगरता ठेवायचा आणि पिकाचे पैसे रोख घ्यायचे. तुमच्या भागात आता माळढोक नसला तरी लांडगा आहे, तणमोर येण्याची आशा आहे. उशीर झालाय, वेळ पूर्ण गेलेली नाही.

प्रश्न : गिधाडांची पिल्लं पिंजऱ्यात वाढवण्यावर एवढा खर्च कशाला? (नाशिक)

कारण औषध थांबवायला उशीर झाला. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावरातून गिधाडाच्या पोटात जातं आणि मूत्रपिंडं निकामी करतं. गुरांसाठी त्यावर २००६मध्ये बंदी आली. पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जातच राहिल्या, म्हणून २०१५मध्ये कुपी ३ मिलीची करावी लागली. अॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेनवर बंदी यायला २०२३ उजाडलं. दरम्यान मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय दुकानात होताच.

हरियाणात पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडं जानेवारी २०२४मध्ये पेंच आणि ताडोबात आणली. स्तुत्य आहे. पण तालुक्याच्या औषध दुकानात कोणती कुपी विकली जाते हे तपासणारा निरीक्षक वनखात्याचा नसतो, त्याचा पगार दुसऱ्याच हेडातून निघतो. गिधाडं गेल्यामुळे मेलेली जनावरं कुजत पडली, रोगराई वाढली, आणि त्यातून २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख जादा माणसं दगावली असावीत, असं २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात मांडलं आहे. तेव्हा पिंजऱ्याचा खर्च महाग वाटत असेल तर तो कशाच्या तुलनेत, हे विचारा.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो. गावाकडच्या माळरानासाठी पैसे द्यायचे आहेत. थेट पाठवू का?

आधी पासपोर्ट कोणता ते बघा. भारतीय नागरिक असाल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकी धरली जात नाही. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, ती परकी देणगी ठरते आणि एफसीआरए (परकी देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच देता येते. ती नोंदणी चालू आहे का, हे स्वतः तपासा. आणि शक्य असेल तर कॅमेरे, दुर्बिणी असल्या वस्तूंसाठी देऊ नका. एका राखणदाराच्या बारा महिन्यांच्या मजुरीसाठी द्या. वस्तू द्यायला पुष्कळ लोक येतात.

प्रश्न : एमपीएससीचा अभ्यास करते. माझ्या जिल्ह्यात वन्यजीवांवर किती खर्च झाला, हे कसं शोधायचं?

अर्थसंकल्पात २४०६ हे लेखाशीर्ष शोध, 'वनीकरण व वन्यजीव'. त्यातलं ०२-११० म्हणजे वन्यजीव जतन. राज्याच्या बीम्स प्रणालीत निधीवाटप दिसतं. पण वाटप म्हणजे खर्च नव्हे, म्हणून पुढे माहिती अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. विभागीय कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत उत्तराची अपेक्षा धरायची.

'किती खर्च झाला' असं मात्र विचारू नकोस. एक आकडा पाठवून ते मोकळे होतील. असं विचार : गेल्या तीन वर्षांत या शीर्षाखाली निधी विभागाला कोणत्या तारखांना मिळाला, महिनावार खर्च किती झाला, आणि त्यात मजुरी किती, बांधकाम किती. तक्ता आला की मार्चचा रकाना आधी वाच. मग जुलैचा.