वाचकांचे प्रश्न : फ्लॉरेन्समध्ये काय पाहावे आणि काय सोडावे?

प्रश्न : येत्या वसंत ऋतूत आम्ही पती-पत्नी आणि आमची बारा वर्षांची मुलगी तीन दिवस फ्लॉरेन्सला राहणार आहोत. कलेचे शिक्षण आमच्यापैकी कोणाचेच झालेले नाही. मागे एका ऐतिहासिक शहरात आम्ही दोन दिवसांत पाच संग्रहालये पाहिली, पण परतल्यावर त्यांतले फारसे काही आठवेना. या वेळी तसे होऊ नये म्हणून कोठून सुरुवात करावी? शिवाय तेथील काही प्रसिद्ध शिल्पांच्या मूळ जागी आता प्रतिकृती आहेत, असे वाचले. त्या पाहण्यात वेळ घालवावा का?

उत्तर : शिक्षण नसणे ही मला अडचण वाटत नाही, अडचण होते ती लांबलचक यादीची. उफ्फिझी या कलासंग्रहालयापासून सुरुवात करा, असे आपल्याला बहुतेक जण सांगतील, परंतु माझा आग्रह उफ्फिझी शेवटच्या दिवशी पाहण्याचा आहे. ‘उफ्फिझी’ म्हणजे कचेऱ्या. फ्लॉरेन्सचा ड्यूक पहिला कोझिमो मेदिची याने १५६० मध्ये सरकारी कचेऱ्यांसाठी बांधायला घेतलेल्या या इमारतीत पुढे त्याच्या घराण्याचा कलासंग्रह आला. तेथे दालनांतून ओळीने लावलेली कितीतरी चित्रे मुळात एखाद्या चर्चच्या वेदीसाठी काढलेली आहेत आणि ती वेदी, तो अंधार, तेथे गुडघे टेकणारी माणसे डोळ्यांसमोर नसली की चित्रांची गर्दी तेवढी उरते. म्हणून पहिले दोन दिवस, ज्या कामाचे ठिकाण आणि कारण दोन्ही सापडते, असेच काम पाहावे.

पहिल्या दिवसासाठी एकच गोष्ट धरावी. १४०१ मध्ये कापडव्यापाऱ्यांच्या संघाने कॅथीड्रलसमोरील बाप्तिस्मागृहाच्या ब्राँझच्या दारांसाठी स्पर्धा जाहीर केली. विषय होता बायबलमधील अब्राहाम देवाच्या आज्ञेवरून आपला मुलगा इसहाक याचा बळी देऊ लागतो आणि देवदूत त्याला अडवतो तो क्षण. त्या स्पर्धेतले लोरेन्झो गिबेर्ती आणि फिलिप्पो ब्रुनेलेस्की यांचे नमुने आज बार्जेल्लो संग्रहालयात शेजारीशेजारी आहेत. त्यांच्यासमोर निदान अर्धा तास थांबावे आणि कोणाचा नमुना निवडायला हवा होता, हे आधी मुलीला विचारावे. ब्रुनेलेस्कीच्या नमुन्यात सुरी गळ्याशी पोहोचली आहे आणि देवदूताने अब्राहामचे मनगट घट्ट पकडले आहे. खालच्या कोपऱ्यात मात्र एक सेवक, वर काय चालले आहे याची गंधवार्ता नसल्यासारखा, आपल्या पायातला काटा काढत बसला आहे. गिबेर्तीचा देवदूत कोणाला स्पर्शही करत नाही, तो वरून नुसता हात पुढे करतो, आणि इसहाकचे उघडे शरीर इतके सुघड आहे की भीतीआधी त्याच्या घडणीवरच नजर ठरते. गिबेर्तीने बहुतेक सगळा नमुना एकसंध ओतला, तर ब्रुनेलेस्कीने आकृत्या वेगवेगळ्या करून पाठीमागच्या पत्र्यावर बसवल्या. साहजिकच त्याला ब्राँझ जास्त लागले.

काम गिबेर्तीला मिळाले. पहिले दार १४२४ मध्ये पूर्ण झाले आणि दुसरे, ज्याला पुढे ‘स्वर्गाचे दार’ म्हणू लागले, ते १४५२ मध्ये. बार्जेल्लोहून चालत बाप्तिस्मागृहापाशी यावे, त्या दाराच्या चौकटीवरच्या छोट्या मस्तकांत गिबेर्तीने स्वतःचे टक्कल पडलेले डोके घडवले आहे, ते शोधावे, आणि मग मागे वळून वर पाहावे. समोरचा घुमट ब्रुनेलेस्कीचा आहे. हरलेल्या त्या माणसाने १४२० ते १४३६ या काळात, जमिनीपासून लाकडी आधार न उभारता, एकात एक असे दोन थर देऊन तो घुमट बांधला. ४६३ पायऱ्यांची चढण झेपणार असेल तर वेळ आधी आरक्षित करून अवश्य चढावे. वाट त्या दोन थरांमधूनच जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सान मार्को मठ पाहावा, आणि त्या सकाळी दुसरे काही ठरवू नये. चित्रकार फ्रा अँजेलिको हा स्वतः डॉमिनिकन या ख्रिस्ती पंथाचा संन्यासी होता. १४४० च्या सुमारास त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी येथील संन्याशांच्या खोल्यांत भित्तिचित्रे काढली. जिना चढताच समोर देवदूत गॅब्रिएल मेरीला पुत्रजन्माची वार्ता देतो ते मोठे चित्र दिसते आणि येता-जाता मेरीचे स्मरण करण्यास चुकू नये, अशी सूचना त्याखाली लॅटिनमध्ये लिहिलेली आहे. पुढे एकेक खोली अगदी लहान, एक खिडकी आणि तिच्या शेजारी एक चित्र. त्यांत सोन्याची झळाळी नाही, माणसेही मोजकीच आहेत. एका माणसाने आयुष्यभर रोज पाहावे म्हणून काढलेले चित्र कसे असते, हे मला या खोल्यांइतके स्पष्ट दुसरीकडे कोठेही जाणवलेले नाही. दोन-तीन खोल्या निवडाव्यात आणि प्रत्येकीच्या उंबऱ्यावर न बोलता काही मिनिटे उभे राहावे.

आता प्रतिकृतींविषयी. त्यांत फसवणूक नाही. मायकेलअँजेलोचा डेव्हिड हा पुतळा १५०४ मध्ये सरकारवाड्याच्या दाराशी उभा केला तो फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाचा निर्धार दाखवण्यासाठी. १८७३ मध्ये तो अकादेमिया या संग्रहालयात हलवला गेला, परंतु वाड्यासमोरच्या चौकात तो कोणाकडे रोखून पाहत होता, हे आजही तेथील प्रतिकृतीसमोर उभे राहूनच कळते. दगडावरचा छिन्नीचा हात पाहायचा तर मूळ शिल्पाकडेच जावे लागते. ‘स्वर्गाच्या दारा’चेही तसेच. बाप्तिस्मागृहावर जे आहे ती प्रतिकृती, आणि मूळ दार कॅथीड्रलच्या मागील बाजूच्या संग्रहालयात आहे, तेव्हा दोन्ही एकाच दिवशी पाहावीत.

४ नोव्हेंबर १९६६ च्या आर्नो नदीच्या पुरात या दारावरचे काही शिल्पफलक निखळून पडले होते. त्याच पुरात सांता क्रोचे चर्चमधील, चिमाब्युए या जुन्या चित्रकाराने रंगवलेल्या मोठ्या क्रूसावरचा बराचसा रंग वाहून गेला. दुरुस्ती करणाऱ्यांनी हरवलेला चेहरा अंदाजाने रंगवला नाही; रिकाम्या जागा त्यांनी बारीक रंगीत रेघांनी भरल्या. दुरून त्या रेघा एकमेकींत मिसळतात आणि ख्रिस्ताचे वाकलेले शरीर एकसलग दिसते. जवळ गेलात की काय गेले आणि किती गेले, ते दिसते.