कोटावरचे लाल फूल आणि आपला १७ सप्टेंबर

चि. अन्वय यास अनेक आशीर्वाद.

परवा ११ नोव्हेंबरला तू कोटावर पॉपीचे कागदी फूल लावून शाळेतून आलास, अकरा वाजता सगळी शाळा दोन मिनिटे गप्प उभी होती असे सांगितलेस आणि विचारलेस, "बाबा, आपल्या गावाकडे असा दिवस असतो का?" मी स्वयंपाक करता करता "असतो की" एवढेच म्हणालो. ते उत्तर अर्धवट होते, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

१९१८ साली याच दिवशी, याच वेळी पहिल्या महायुद्धाच्या तोफा थांबल्या आणि पुढच्या वर्षापासून इथे युद्धात पडलेल्या सैनिकांच्या आठवणीत हे मौन पाळले जाऊ लागले. त्या युद्धात हिंदुस्थानातून गेलेले ७४ हजारांहून अधिक जवान परतले नाहीत, तेव्हा तुझ्या कोटावरचे फूल परक्यांचे आहे असे समजू नकोस.

आपल्या देशात ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वज दिन असतो. १९४९ पासून चालत आलेल्या या दिवशी लाल, गडद निळ्या आणि फिकट निळ्या पट्ट्यांचे छोटे ध्वज देऊन माजी सैनिकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी निधी गोळा करतात. आमचे गुरुजी ते ध्वज वर्गात आणत आणि आम्ही ते टाचणीने खिशावर लावत असू. टाचणी टोचल्याचेच मला जास्त आठवते.

मराठवाड्याचा स्वतःचा दिवस मात्र १७ सप्टेंबर, म्हणजे मुक्तिसंग्राम दिन. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला तरी आपला मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानातच राहिला. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली लोक लढत होते आणि कासिम रझवीचे रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूचे सशस्त्र स्वयंसेवक, गावोगाव दहशत घालत होते. अखेर १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सैन्य सोलापूरकडून संस्थानात शिरले आणि पाचव्या दिवशी निजामाने शरणागती जाहीर केली. आता त्या दिवशी सकाळी ध्वजारोहण होते, हुतात्मा स्मारकावर फुले वाहतात, भाषणे होतात, आणि गणपतीचे दिवस असले तर दुपारपासून ढोल सुरू होतात. तुमच्यासारखे स्तब्ध उभे राहणे त्यात थोडे आणि आनंद जास्त, कारण आमच्या लोकांच्या लेखी तो सुटकेचा दिवस आहे.

परंतु त्या आनंदात सैनिक मागे पडतो, असे मला वाटते. सरकारने या मोहिमेला 'पोलीस कारवाई' म्हटले, आणि तुझे पणजोबाही आयुष्यभर "पोलीस अ‍ॅक्शनच्या साली" असेच म्हणत. त्यामुळे रणगाडे घेऊन आलेले ते लष्कर होते हे मला कितीतरी उशिरा कळले. नळदुर्गच्या किल्ल्यात आमची शाळेची सहल जात असे. नर-मादी धबधब्याखाली भिजून आम्ही परत येत असू, आणि तिथेच जवळ १३ सप्टेंबरला शीख रेजिमेंटचा हवालदार बचित्तर सिंग धारातीर्थी पडला हे आम्हाला कोणी सांगितले नाही. मांडीत गोळी लागूनही त्याने पुढे सरपटत जाऊन हातबॉम्ब फेकले आणि समोरची मशीनगन बंद पाडली. पुढे त्याला मरणोत्तर अशोक चक्र मिळाले, जे शांतताकाळातील शौर्यासाठी देतात. कागदोपत्री ते युद्धच नव्हते ना! पंजाबातला माणूस आपल्या तुळजापूर तालुक्यात मेला, आणि आमच्या घरात त्याचे नाव कोणाला ठाऊक नव्हते.

आणखी एक गोष्ट तू थोडा मोठा झाल्यावर सविस्तर सांगेन, पण आज लपवणार नाही. कारवाईनंतरच्या दिवसांत, रझाकारांशी काहीही संबंध नसलेल्या अनेक मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याची चौकशी केली होती. भाषणांत याचा उल्लेख मी कधी ऐकला नाही.

तर तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे, की दिवस आहे, मौन फारसे नाही. आत्याला मी ७ डिसेंबरचे दोन ध्वज घेऊन ठेवायला सांगितले आहे. नाताळच्या सुट्टीत गावी जाताना आपण सोलापूरहून नळदुर्गमार्गेच जाऊ आणि किल्ल्यापाशी गाडी थांबवू. टाचणी मी लावून देईन.

तुझा,
बाबा