पोलादी जहाजातली खरखर

भुसावळहून एका विद्यार्थिनीचा प्रश्न: जहाज सगळं पोलादाचं. मग बाहेरच्या रेडिओलहरी आतल्या यंत्रांपर्यंत पोचतात कशा?

केबलवरून, ताई. पोलाद लहरी अडवतंच, पण डेकवरून आत येणाऱ्या प्रत्येक केबलसाठी त्याला भोक पाडावं लागतं. केबलवरची तारेची जाळी तिथेच चहूबाजूंनी भोकाच्या कडेला टेकवली, तर लहर बाहेरच उतरते. जाळीची वेणी वळून ती आत हातभर अंतरावर जोडली, तर लहर सरळ आत शिरते. हे जहाजाच्या आराखड्यातच ठरायला हवं. शिवाय खरखर आतही जन्मते. रावेरकडे केळीच्या मळ्यात सोलर पंपाचा कंट्रोलर चालू झाला की रेडिओ कुरकुरतो, तसंच जहाजावरच्या व्हीएफडीचं, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्राचं. त्याच्या केबली वेगळ्या ट्रेमधूनच न्याव्यात.

धुळ्याहून एका आईचा प्रश्न: मुलगा जहाजावर कॅडेट, म्हणजे शिकाऊ आहे. दिवसभर चिपिंग, म्हणजे गंज ठोकून काढायला लावतात. गंजाचा रेडिओशी काही संबंध असतो का?

फार मोठा, वहिनी. दोन लोखंडांमध्ये गंजाचा पापुद्रा आला की तो सांधा डायोडसारखा, म्हणजे वीज एकाच दिशेने सोडणाऱ्या भागासारखा वागतो. जवळ ४ आणि ६ मेगाहर्ट्झवर दोन ट्रान्समीटर चालू असतील, तर तो २ आणि १० वर नवे आवाज काढतो. मी ईटीओ, म्हणजे जहाजावरचा वीज आणि इलेक्ट्रॉनिक्सचा अधिकारी असताना एका जहाजावर रिसीव्हरमध्ये करकर यायची, तीही जहाज डोलताना. तीन रात्री फ्यूजपासून अर्थिंगपर्यंत सगळं तपासलं. निघाली शिडीच्या कठड्याची साखळी! गंजलेला हूक कडीत हलत होता. ट्रान्समीटर बंद करून साखळी काढली, तिथे नायलॉनचा दोर बांधला, आणि करकर थांबली. पोराला सांगा, ते काम मन लावून कर.

नंदुरबारच्या एका आयटीआय निदेशकांचा प्रश्न: अँटेना लांब लांब बसवल्या की भागत नाही का?

लांब बसवायला जागा कुठे आहे, सर? डोलकाठी एक, दावेदार दहा. मग एक यंत्र शेजारच्याला बहिरं करतं. ४ मे १९८२ रोजी फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिश विनाशिका शेफिल्डवर एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळलं, २० जण गेले. शत्रूच्या रडारची चाहूल घेणारं यंत्र त्या वेळी बधिर होतं, कारण जहाजाचाच उपग्रह-संच प्रक्षेपण करत होता.

आता तर डोलकाठीवरचे एलईडी दिवेही व्हीएचएफ रेडिओला आणि एआयएसला, म्हणजे जहाजांची ओळख आणि जागा कळवणाऱ्या यंत्रणेला त्रास देतात. २०१८ मध्ये अमेरिकी तटरक्षक दलाने तसा इशारा दिला होता. तपासणी सोपी आहे. दिवे बंद करून व्हीएचएफवर शांत चॅनल लावा, स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) खरखर जेमतेम थांबेल इतकाच ठेवा आणि एकेक दिवा लावत जा. खरखर परतली, तर तो दिवा बदला.