जुन्या फेंडर डिलक्स रिव्हर्ब या गिटार ॲम्पमधल्या ६व्ही६ जोडीतली (स्पीकर वाजवणाऱ्या पॉवर ट्यूब) एक ट्यूब वीस मिनिटांत लाल होते. कोणत्या कंपनीची जोडी घ्यावी?

कुठल्याही कंपनीची घ्या, तीही लाल होईल. तुम्हीच लिहिलंय की दोन जोड्या बदलून झाल्या, दरवेळी त्याच सॉकेटमधली ट्यूब तापते आणि लाल होण्याआधी ‘घूं’ असा आवाज वाढत जातो. खात्री हवी असेल तर दोन्ही ट्यूबची अदलाबदल करा. लाली ट्यूबबरोबर दुसऱ्या सॉकेटात गेली तर ट्यूब वाईट. जागेवरच राहिली तर दोष तिच्यामागच्या सर्किटमध्ये, आणि त्याची शिक्षा ट्यूब भोगते आहे.

हुबेहूब हाच आजार घेऊन एक ॲम्प माझ्या टेबलावर आला होता. फेंडरचं एबी७६३ नावाचं सर्किट, तीन जोड्या जळालेल्या, सोबत मालकाची चिठ्ठी: ‘बाकी सगळं ओरिजिनल आहे, हात लावू नये.’ चासी, म्हणजे सर्किटचा पत्र्याचा सांगाडा, कॅबिनेटबाहेर काढून चालवली तर तासभर काही होईना. होणार कसं? बाहेर उघड्यावर चासी थंड राहते. म्हणून बोर्डाच्या त्या सॉकेटमागच्या कोपऱ्यावर हेअर ड्रायर धरला, मग दोन्ही ६व्ही६ काढून सॉकेटच्या पाच नंबरच्या पिनवर, म्हणजे ट्यूबमधला करंट आवरणाऱ्या ग्रिडवर, चासीच्या संदर्भाने व्होल्टेज मोजलं. एका सॉकेटवर उणे ३५, दुसऱ्यावर उणे २२. ट्यूब जागेवर नसताना हा फरक पडायला नको. बायसकडून (ग्रिडला निगेटिव्ह व्होल्टेज देणारा भाग) ग्रिडला येणारा रेझिस्टर २२० किलोओहमचा. त्यावर १३ व्होल्ट पडताहेत, म्हणजे साधारण ६० मायक्रोॲम्पिअर करंट कुठूनतरी आत घुसतोय. दोन्ही ६व्ही६ना उलटसुलट सिग्नल वाटणारी आधीची ट्यूब म्हणजे फेज इन्व्हर्टर. तिच्या प्लेटवरून, म्हणजे जास्त व्होल्टेजच्या टोकावरून, तो ०.१ मायक्रोफॅरडच्या कपलिंग कपॅसिटरमधून झिरपत होता. या कपॅसिटरने सिग्नल जाऊ द्यायचा आणि डीसी अडवायचं असतं. प्लेटवर २५० व्होल्ट धरले, तर कपॅसिटरचा अडथळा जेमतेम साडेचार मेगओहम उरला होता. एवढ्यावर ग्रिडचा लगाम सुटतो आणि प्लेट लाल होते. दोन ट्यूबचा करंट असमान झाला की पुश-पुलमध्ये (दोन ट्यूब आळीपाळीने काम करतात ती जोडणी) एरवी एकमेकांत मिटणारा हमही मिटत नाही. तुमचं ‘घूं’ ते हेच.

मालकाने तो कपॅसिटर मीटरच्या ओहम रेंजवर तपासून ‘चांगला’ ठरवला होता. ओहम रेंज कपॅसिटरला दोन-तीन व्होल्ट देते, कामावर त्याला अडीचशेच्या वर सोसायचे असतात. गळती बघायची रीत वेगळी. ग्रिडकडचं टोक बोर्डावरून सोडवायचं, प्लेटकडचं तसंच ठेवायचं, ॲम्प चालू करायचा (६व्ही६ काढलेल्याच), आणि सुटलेलं टोक व चासी यांच्यामध्ये डीसी व्होल्टमीटर लावायचा. क्षणभर आकडा उसळतो, मग शून्याजवळ यायला हवा. इथे थंड असताना ४० व्होल्ट, तापवल्यावर १७०. नवा ०.१ मायक्रोफॅरड, ६०० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर बसवला, दोन्ही ग्रिड उणे ३५वर आले. शेजारचाही बदलला, त्याचं वय तेच होतं.

कपॅसिटर बदलूनही फरक राहिला तर बोर्ड तपासा. तो काळा फायबर जुना झाला की ओल धरतो आणि स्वतःच थोडी वीज वाहतो. प्रोबचं टोक नुसत्या बोर्डावर, आयलेटपासून (तारा जोडायच्या कड्या) लांब टेकवा. काही व्होल्ट दिसले तर हेअर ड्रायरने सावकाश सुकवा.

दोन्ही ट्यूब सारख्याच लाल होत असत्या तर मी बायसचा कपॅसिटर धरला असता. २५ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा तो छोटा इलेक्ट्रोलिटिक सुकला की निगेटिव्ह व्होल्टेज घसरतं. तिथे व्होल्टेज निगेटिव्ह असल्यामुळे त्याचं प्लस टोक चासीला जातं. सवयीने मायनस चासीला लावून नवाकोरा कपॅसिटर फोडणारे कमी नाहीत.

आता ‘हात लावू नये’बद्दल. हा वाद मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय: जुने कपॅसिटर काढले की आवाज जातो, किंमत जाते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हा गाडीच्या टायरसारखा झिजायचा माल आहे. साठ वर्षांत आतलं द्रावण सुकतं, हम वाढतो, बास पिळपिळीत होतो, आणि हा पिळपिळीतपणाच लोक ‘व्हिंटेज टोन’ म्हणून जपतात. एखादा शॉर्ट झाला तर पॉवर ट्रान्सफॉर्मर घेऊन जातो. लाल झालेली ट्यूब शॉर्ट झाली तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर बेततं. तो मूळ ट्रान्सफॉर्मर परत मिळत नाही, कपॅसिटर कोपऱ्यावर मिळतो. काढलेले जुने भाग पिशवीत भरून कॅबिनेटमध्ये ठेवा, म्हणजे घेणारा कुरकुर करणार नाही.

वीजपुरवठा सपाट करणारे फिल्टरचे पाच कपॅसिटर चासीच्या दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या झाकणाखाली असतात, प्रत्येकी १६ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट. तिथे २२ मायक्रोफॅरड, ५०० व्होल्टचे लावा. ४५०चे नकोत, कारण भार नसताना व्होल्टेज वर चढतं. पहिल्या टप्प्यात दोन समांतर असतात, म्हणजे ४४ मायक्रोफॅरड. एसीचं डीसी करणाऱ्या जीझेड३४ रेक्टिफायर ट्यूबची मर्यादा ६० मायक्रोफॅरड आहे, तेव्हा ‘हम आणखी कमी होईल’ म्हणून तिथे १०० ठोकू नका.

मग बायस. प्रत्येक ६व्ही६च्या आठ नंबरच्या पिनची (कॅथोड) तार सोडवून ती आणि चासी यांच्यामध्ये १ ओहमचा रेझिस्टर घाला. त्यावर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिॲम्पिअर, त्यात थोडा स्क्रीनचा (ट्यूबमधली दुसरी ग्रिड) करंटही आला. प्लेटवर ४१५ व्होल्ट असतील आणि ट्यूबची मर्यादा १२ वॉट धरली, तर तिचे ७० टक्के म्हणजे ८.४ वॉट, म्हणजे २० मिलिॲम्पिअर. त्याच्या वर जाऊ नका, १८वर ॲम्प अगदी छान वाजतो.

तर ट्यूब कोणती? चालू उत्पादनातली कुठलीही, जी ४१५ व्होल्ट सोसते असं विकणारा लिहून देतो आणि जिच्या जोडीतला फरक दोन-तीन मिलिॲम्पिअरच्या आत आहे. जुन्या न वापरलेल्या ट्यूब चांगल्याच असतात, पण गळक्या कपॅसिटरपुढे त्याही तेवढ्याच वेगाने मरतात.

सगळंच बदला असंही माझं म्हणणं नाही. बाकीचे सिग्नल कपॅसिटर गळत नसतील तर राहू द्या. कार्बनचे रेझिस्टर खरखर करत नसतील आणि १०० किलोओहमचा १३०च्या आत दाखवत असेल तर तेही राहू द्या. पण दोन पिनांची मूळ मेन्स वायर असेल तर तीन पिनांची लावा आणि ग्राउंड स्विचवरचा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर कापून टाका. तो शॉर्ट झाला की चासी, गिटारच्या तारा आणि तुमचे ओठ थेट मेन्सवर.

आणि हे सगळ्यात वर लिहायला हवं होतं: प्लग काढल्यावरही आत ४०० व्होल्ट बसलेले असू शकतात. वर सांगितलेली मोजमापं चालू ॲम्पवरची आहेत. प्रोब क्लिपवाला, एक हात खिशात, स्पीकर जोडलेला. हे पूर्वी केलं नसेल तर पहिल्यांदा जाणत्याच्या शेजारी बसून करा. सोल्डर करायच्या आधी प्लग काढा, स्टँडबाय स्विच ‘वाजवा’च्या बाजूला ठेवा आणि १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर क्लिपने पहिल्या फिल्टरपासून चासीपर्यंत धरून ठेवा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका. मीटर १० व्होल्टच्या खाली आला तरी पाच मिनिटांनी पुन्हा मोजा, कारण सोडवलेला कपॅसिटर थोडं व्होल्टेज परत धरतो.