चित्रकला येत नाही आणि साध्या रोजनिशीचा कंटाळा आलाय. आर्ट जर्नल, बुलेट जर्नल, जंक जर्नल यांपैकी कशापासून सुरुवात करावी?

तुम्ही लिहिलंय की 'आज हे केलं, ते केलं' असं लिहून कंटाळा आला, चित्रं काढता येत नाहीत, आणि प्रकारांची नावं वाचूनच गोंधळ उडाला. शिवाय सगळं एकाच वहीत करावं की वेगवेगळ्या, असंही विचारलंय. मी बऱ्याच वर्षांपासून या ना त्या तऱ्हेच्या वह्या भरतेय, तेव्हा त्यावरून सांगते.

नावं तूर्त बाजूला ठेवा. आधी एवढंच ठरवा: ही वही तुम्ही पुढे कधी उघडून वाचणार आहात का?

काही वह्या वाचण्यासाठी असतात आणि काही नुसत्या भरण्यासाठी. दुसऱ्या प्रकारात पान भरलं की त्याचं काम संपलं, मग ते फाडून टाकलं तरी चालतं. आर्ट जर्नल (रंग, चित्रं, चिकटवलेले कागद आणि शब्द एकत्र असलेली वही) सोडून दिलेल्या ज्या लोकांशी माझं बोलणं झालं, त्यांतल्या बहुतेकांनी या दोन गोष्टींची सरमिसळ केली होती. मन मोकळं करायला घेतलेली वही कुणाला तरी दाखवण्याजोगी व्हावी अशी त्यांची अपेक्षा होती, आणि ती काही पुरी होईना.

आधी भरण्याच्या वह्यांबद्दल. यातला सर्वांत प्रसिद्ध प्रकार म्हणजे सकाळची पानं. ज्युलिया कॅमेरॉन या अमेरिकन लेखिकेने १९९२ मध्ये तो लोकांपुढे आणला. सकाळी उठल्याबरोबर, हाताने, तीन पानं, डोक्यात येईल ते. सुरुवातीचे काही आठवडे आपलंच लिहिलेलं वाचायचंसुद्धा नाही. यात कला कुठे आली, असं तुम्ही म्हणाल. तर याच सवयीचं रंगीत रूप म्हणजे थरांचं पान. पेन्सिलीने किंवा पेनाने पानभर लिहायचं, त्यावरून गेसो (कॅनव्हासला रंगाआधी लावतात तो पांढरा लेप) किंवा पातळ ॲक्रिलिक रंग फिरवायचा, वाळलं की त्यावर पुन्हा लिहायचं, खरवडायचं, कागदाचे तुकडे चिकटवायचे. खालचं लिखाण अर्धवट दिसतं, वाचता मात्र येत नाही. घरात वही कुणाच्याही हाती लागू शकते अशी धास्ती असेल तर याच्यासारखा प्रकार नाही. कुलूप लावायची गरजच उरत नाही. चित्रकला तर इथे लागतच नाही.

लिहून मोकळं होण्यावर मानसशास्त्रात कामही झालंय. जेम्स पेनीबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशदायक प्रसंगांवर लिहायला सांगितलं होतं. पुढच्या काही महिन्यांत आजारपणासाठी दवाखान्यात जाण्याचं त्यांचं प्रमाण इतरांपेक्षा कमी भरलं. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम कधी दिसला, कधी जेमतेम दिसला, त्यामुळे वहीला औषध समजू नका. मला त्यातली पंधरा मिनिटांची मर्यादा आवडते. घड्याळ लावून लिहिलं की माणूस सजावटीच्या नादी लागत नाही.

फ्रीदा काहलो या मेक्सिकन चित्रकर्तीचं नाव या विषयात हमखास येतं, आणि तिच्या डायरीची रंगीत पानं पाहून नवशिक्या माणसाची उमेदच खचते. आयुष्याच्या शेवटच्या दहाएक वर्षांत तिने ही डायरी ठेवली. पण ती पानं नीट पाहिलीत तर लक्षात येईल की अनेक ठिकाणी सुरुवात शाईच्या डागापासून झाली आहे. डाग पडला, वही मिटल्यावर समोरच्या पानावर उमटला, त्यात तिला चेहरा किंवा प्राणी दिसला, तो तिने रेषांनी पुरा केला. (तिचा हात तयार होता हे खरंच, पण डाग कुणालाही पाडता येतो.) कोऱ्या पानाची भीती वाटत असेल तर पान आधी खराब करून घ्या. कपाचा गोल ठसा, ब्रश पुसलेला रंग, काहीही चालेल.

आता वाचण्याच्या वह्या. तुमच्या प्रश्नाचा रोख मला इकडे जास्त वाटतो, कारण 'आज हे केलं'चा कंटाळा त्यालाच येतो ज्याला पुढे वाचताना त्यात काहीच सापडत नाही.

तुम्हाला एकच प्रकार सुचवायचा झाला तर मी लिंडा बॅरी यांची चौकटींची डायरी सुचवेन. या अमेरिकन व्यंगचित्रकार, विद्यापीठात शिकवतात, आणि स्वतःला चित्रं येत नाहीत असं मानणाऱ्या विद्यार्थ्यांकडून त्या ही डायरी करून घेतात. पानावर दोन रेघा मारून चार भाग करायचे. एकात आज केलेल्या गोष्टी, दुसऱ्यात पाहिलेल्या, तिसऱ्यात कानावर पडलेलं एखादं वाक्य, चौथ्यात पाहिलेल्यांपैकी एका गोष्टीचं पटकन काढलेलं चित्र. संपूर्ण पानाला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

'केलेलं' हा भाग तुमच्या जुन्या रोजनिशीसारखाच निघेल आणि तितकाच नीरस असेल. असू दे. खरी गंमत 'पाहिलेलं'मध्ये आहे. पहिल्या दिवशी तिथे लिहायला काही सुचत नाही, कारण दिवसभर आपण जे पाहतो ते आपल्यापर्यंत पोचतच नाही. आठवडाभरात मात्र रात्री हा रकाना भरायचा आहे हे दुपारीच आठवायला लागतं, आणि मग नजर आपोआप थांबते: लिफ्टमध्ये बाहुलीला आरसा दाखवणारी मुलगी, एकाच चपलेला शिवण घातलेला जोड, खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने बसलेली माशी. ऐकलेल्या वाक्यांचं तर विचारूच नका. 'मी रागावलेलो नाही, मी फक्त जोरात बोलतोय,' हे वाक्य मी कुणाकडून ऐकलं ते विसरले, पण ते माझ्या वहीत आहे. आणि चित्र? काडीचा माणूस काढा. पुढे वाचताना काडीचा माणूसही तो क्षण उभा करायला पुरतो, कारण ते चित्र फक्त तुम्हालाच ओळखायचं असतं.

बुलेट जर्नलबद्दल, म्हणजे कामांची नोंद ठेवण्याच्या वहीबद्दल, माझं मत जरा तिखट आहे. रायडर कॅरोल या डिझायनरने २०१३ मध्ये ही पद्धत लोकांसमोर ठेवली तेव्हा त्यात साधी वही आणि एक पेन एवढंच होतं. कामापुढे टिंब, झालं की टिंबावर फुली, पुढे ढकललं की बाण. घटनेला छोटा गोल, टिपणाला आडवी रेघ. महिना संपला की राहिलेली कामं हाताने नव्या पानावर उतरवायची. पद्धतीची सगळी ताकद या उतरवण्यातच आहे. एखादं काम पुन्हा लिहिण्याचाही कंटाळा येत असेल तर ते करण्यासारखं नाही हे तिथल्या तिथे कळतं. पुढे लोकांनी तिला फुलापानांच्या चौकटी, रंगीत पट्ट्या, सुलेखनाची शीर्षकं जोडली, आणि आता नवखी मंडळी येणाऱ्या महिन्याची पानं आखण्यात अख्खी सुट्टी घालवतात. आखण्यात आनंद मिळत असेल तर जरूर आखा, पण ती भरण्याची वही झाली. तिने कामं आटोक्यात येतील ही आशा ठेवू नका.

निसर्गाची ओढ असेल तर नेचर जर्नल जरूर करून पाहा. जॉन म्युअर लॉज हे या प्रकाराचे नावाजलेले शिक्षक. ते तीन वाक्यांची सुरुवात देतात: मला दिसतंय की..., मला प्रश्न पडतो की..., हे पाहून मला आठवतं की... एक पान, एक शेंग, एक किडा घ्यायचा आणि ही वाक्यं पुरी करायची. शेजारी आकृती, बाण काढून नावं, मापं, तारीख, वेळ, हवा. इथे चित्र सुंदर होण्याची गरज नसते, खरं असावं लागतं. पाकळ्या पाच असतील तर पाचच काढायच्या. चित्रकला न येणाऱ्यांना ही अट फार सोयीची पडते, कारण मोजणं सगळ्यांनाच जमतं.

जंक जर्नल म्हणजे तिकिटं, लेबलं, पाकिटं, जुन्या नकाशांचे तुकडे, रद्दीतला जो कागद आवडेल त्याची चिकटवही. यात तंत्राच्या दोनतीन गोष्टी सांभाळा. पावत्या आणि बरीचशी छापील तिकिटं उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असतात. त्यांची अक्षरं काही वर्षांत उडून जातात, उन्हात किंवा गरम जागी त्याहून लवकर. त्यांची झेरॉक्स काढून ती चिकटवा. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन (लाकडातला एक घटक) असतं, म्हणून तो पिवळा पडून ठिसूळ होतो, आणि शेजारच्या पानावरही डाग सोडतो. पातळ गोंदाने पान सुरकुततं, तेव्हा गोंदाची कांडी बरी. आणि चिकटवायला लागण्याआधी दर चारपाच पानांमागे एक पान शिवणीजवळ बोटभर पट्टी ठेवून कापून टाका, नाहीतर वही फुगून तिचा जबडा उघडा राहतो.

याच्याच जवळचा प्रकार म्हणजे बदललेलं पुस्तक. टॉम फिलिप्स या ब्रिटिश चित्रकाराने १९६६ मध्ये एक विसरलेली व्हिक्टोरियन कादंबरी विकत घेतली आणि तिच्या प्रत्येक पानावर रंगकाम करत मोजकेच शब्द उघडे ठेवले, तर त्यांतून वेगळीच गोष्ट तयार झाली. पन्नास वर्षं तो त्यावर काम करत राहिला. तुम्ही रद्दीतलं कुठलंही पुस्तक घेऊन हे करू शकता. लिहायला काही सुचत नाही अशा दिवसांत शब्द आयते मिळतात, उरलेले झाकायचे एवढंच.

कागदाचं थोडं, कारण अर्धी निराशा तिथून येते. साध्या वहीचा कागद ७०-८० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) असतो. त्यावर पेन चालतं, पण जलरंग लावला की लाटा येतात आणि रंग मागे उतरतो. मिश्र माध्यमांसाठी २०० च्या आसपास, भरपूर पाण्याच्या जलरंगाला ३००. पण एवढ्यासाठी महागडी वही घेऊ नका. भारी वहीत पहिली रेघ ओढायला हात धजत नाही. साध्या वहीची दोन पानं एकमेकांना चिकटवून वर गेसोचा एक हात दिला तर ॲक्रिलिक आरामात पेलतं. ॲक्रिलिकची पानं वाळल्यावरही दाबाखाली एकमेकांना चिकटतात, म्हणून मध्ये बटरपेपर ठेवा. रेघांवर रंग फिरवायचा असेल तर पिगमेंट शाईचं पेन घ्या. फाउंटन पेनची नेहमीची शाई पाणी लागताच पसरते.

राहिला एका वहीचा प्रश्न. वाचण्याच्या सगळ्या प्रकारांना एक वही, आणि भरण्याची वेगळी. चौकटी, शेंगेचं चित्र, चिकटवलेलं तिकीट, कुठल्यातरी पुस्तकातला उतारा हे सगळं एकत्र सुखाने नांदतं, फक्त शोधता आलं पाहिजे. जॉन लॉक या तत्त्वज्ञाची टिपणवहीची पद्धत १६८६ मध्ये छापून आली होती. तिच्यात सुरुवातीची दोन पानं अनुक्रमणिकेला दिलेली असतात, आणि विषय कुठेही, जसे येतील तसे लिहायचे. आपल्यालाही तेवढं पुरतं. पहिली दोन पानं कोरी सोडा, सगळ्या पानांना आकडे घाला, आणि महिन्यातून एकदा बसून विषयासमोर पानांचे आकडे लिहा. भरण्याच्या वहीला आकडेही नकोत आणि तारखाही नकोत.